परत बोलावलेली सिटी आणि परत न आलेली सिटी

ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडा कार्स इंडियाने ९०,४६८ गाड्या परत बोलावल्या. टाकीतल्या फ्युएल पंपाच्या चक्रीत दोष होता आणि त्यापायी चालती गाडी मध्येच बंद पडू शकत होती. याच पंपासाठी जून २०२० मध्ये ६५,६५१ आणि एप्रिल २०२१ मध्ये ७७,९५४ गाड्या बोलावून झाल्या होत्या. एका सुट्या भागासाठी साडेचार वर्षांच्या आत तीन वेळा दवंडी पिटली गेली, आणि तिन्ही वेळा यादीत होंडा सिटी होती.

अशी बातमी आली की ज्यांच्या दारात ही गाडी उभी असते ते धसका घेतात, आणि ज्यांनी त्या वेळी दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली ते मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटतात. दोघेही घाई करतात. रिकॉल ही कंपनीने दिलेली कबुली असते. जिच्या नावावर एकही रिकॉल नाही त्या कंपनीच्या गाड्या निर्दोष असतात, असे मानायला काही आधार नाही. सिटीची थेट स्पर्धक असलेल्या मारुती सियाझलाही मोटर-जनरेटर युनिटसाठी २०१९ आणि २०२१ असे दोनदा परत यावे लागले. दुसऱ्या खेपेला इतर मॉडेले धरून १,८१,७५४ गाड्या होत्या. तेव्हा नुसता आकडा पाहून गाडीची लायकी ठरवू नये. दोष कोणता होता, तो उघड व्हायला किती वर्षे लागली आणि उघड झाल्यावर गाड्या खरोखर दुरुस्त झाल्या का, हे पाहिले पाहिजे. यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे सगळ्यांत कच्चे आहे.

हे तपासायला सिटीसारखी गाडी नाही. जानेवारी १९९८ मध्ये ती भारतात आली. २००३, २००८, २०१४ आणि २०२० अशा टप्प्यांनी तिच्या पुढच्या पिढ्या आल्या. मधल्या काळात हॅचबॅक मोठ्या झाल्या, मग एसयूव्हीची लाट आली, बऱ्याच सेडान दुकानातून गेल्या, ही टिकली. पहिल्या दशकात ती घेणारा माणूस डॉक्टर, कारखानदार नाहीतर कंपनीतला वरचा साहेब असायचा. आज तीच गाडी तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे, तालुक्याच्या गावात, कुणाची तरी पहिली चारचाकी म्हणून उभी असते. एकाच मॉडेलचा इतका लांब प्रवास असल्यामुळे त्यातले दोष वयाबरोबर कसे बदलतात ते नीट दिसते.

सुरुवात सगळ्यांत गंभीर प्रकरणापासून, म्हणजे ताकाताच्या एअरबॅगपासून.

एअरबॅग फुगवायला हवा भरत बसायला वेळ नसतो. धक्का बसल्यावर डोळ्याची पापणी लवायच्या आत पिशवी भरली पाहिजे, म्हणून तिच्यामागे धातूच्या डबीत रसायनाच्या वड्या ठेवलेल्या असतात. त्या पेटतात, वायू होतो, पिशवी फुगते. या डबीला इन्फ्लेटर म्हणतात. जपानच्या ताकाता कंपनीने या वड्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरले. ते स्वस्त पडते आणि कमी जागेत भरपूर वायू देते. खाणीत सुरुंगासाठी वापरतात तेच हे द्रव्य. त्याची खोड अशी की ते ओल धरते. वर्षानुवर्षे दिवसा तापायचे, रात्री निवायचे आणि त्यात दमट हवा, असे चालू राहिले की वडीचा भुगा होऊ लागतो. भुगा वडीपेक्षा कितीतरी वेगाने जळतो. मग अपघाताच्या क्षणी डबीत प्रमाणाबाहेर दाब तयार होतो, धातूची डबी फुटते आणि तिचे तुकडे पिशवी फाडून समोरच्या माणसाच्या मानेत, तोंडात, छातीत घुसतात. जीव वाचवण्यासाठी बसवलेले साधन किरकोळ धडकेतही जीव घेऊ शकते ते असे.

पहिले रिकॉल नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेत झाले. २००१ सालच्या अ‍ॅकॉर्ड आणि सिव्हिक मिळून जेमतेम चार हजार गाड्या बोलावल्या गेल्या. मे २००९ मध्ये ओक्लाहोमा राज्यात २००१ च्याच अ‍ॅकॉर्डमध्ये एक तरुणी अशा तुकड्याने गेली. त्यानंतर यादी वाढत वाढत अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटरपर्यंत पोहोचली. एकोणीस कंपन्यांच्या गाड्या तीत आल्या, आणि एकट्या अमेरिकेत २८ मृत्यूंची नोंद झाली. २००४ मध्येच अलाबामा राज्यात एका अ‍ॅकॉर्डचा इन्फ्लेटर फुटल्याचे होंडा आणि ताकाता या दोघांनाही माहीत होते, हे न्यूयॉर्क टाइम्सने २०१४ मध्ये उघड केले. जानेवारी २०१५ मध्ये होंडाला अमेरिकेत ७ कोटी डॉलरचा दंड झाला. मृत्यू आणि जखमांचे १,७२९ दावे कंपनीने वेळेवर सरकारला कळवलेच नव्हते. ताकाताने २०१७ मध्ये फौजदारी गुन्हा कबूल करून एक अब्ज डॉलर भरायचे मान्य केले आणि त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. होंडाचे अभियंते चांगले, यात मला शंका नाही. पण कागद दाबून ठेवायचे ठरवले तर चांगल्या अभियंत्यांचाही उपयोग होत नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची घटना मात्र अमेरिकेतली नाही. जुलै २०१४ मध्ये मलेशियाच्या सारावाक प्रांतात २००३ सालच्या होंडा सिटीची धडक झाली. धातूचा तुकडा लागून गाडी चालवणारी गरोदर बाई गेली. तिचे बाळही वाचले नाही. अमेरिकेबाहेर ताकाताच्या इन्फ्लेटरमुळे झालेला हा पहिला ज्ञात मृत्यू. २०१६ मध्ये मलेशियात होंडाच्या गाड्यांमध्ये आणखी मृत्यू झाले. मलेशियाची हवा कशी असते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यात वर्षातले कितीतरी महिने आपण त्याच घामट हवेत असतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने फ्लोरिडा, टेक्सास, हवाई असे उष्ण-दमट भाग काढून तिथल्या गाड्या आधी बोलावल्या. भारतात असा हवामानाचा नकाशा पुढे ठेवून कुणी क्रम लावल्याचे दिसले नाही. रत्नागिरीतली गाडी आणि जयपूरमधली गाडी एकाच रांगेत उभी राहिली. आपल्याकडचा क्रम ठरला तो गाडीच्या वयाप्रमाणे.

भारतातली साखळी अशी. सप्टेंबर २०१५ मध्ये सिटी, सिव्हिक, जॅझ आणि सीआर-व्ही मिळून २,२३,५७८ गाड्या. जुलै २०१६ मध्ये १,९०,५७८ गाड्या, त्यांत सर्वाधिक सिटीच. जानेवारी २०१७ मध्ये २०१२ साली बनलेल्या ४१,५८० गाड्या. जानेवारी २०१८ मध्ये २०१३ च्या २२,८३४ गाड्या, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या सिटी. या आकड्यांची बेरीज करू नये, कारण २०१५ आणि २०१६ च्या याद्यांत तीच मॉडेले आणि बरीचशी तीच वर्षे पुन्हा येतात. गाडीत पुढे दोन एअरबॅग असतात, त्यामुळे एकच गाडी दोन वेगवेगळ्या वेळी बोलावली जाऊ शकते. ‘आमची गाडी तेव्हाच दाखवून आणली होती’ हे उत्तर म्हणून पुरेसे नाही. केव्हा दाखवली आणि कोणत्या बाजूचा इन्फ्लेटर बदलला, हे विचारावे लागते.

मधल्या पिढ्यांतला दुसरा धोका दिसायला क्षुल्लक होता. ड्रायव्हरच्या दारावर चारही काचा वर-खाली करण्याच्या बटणांची पट्टी असते. काच उघडी राहिली, पाऊस आत आला, पाणी पट्टीत शिरले की आतले जोड गंजून तापत आणि धूर, क्वचित आगही. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जॅझ गाडीला लागलेल्या आगीत एक लहान मूल गेले, त्यानंतर जानेवारी २०१० मध्ये जगभर या पट्टीसाठी रिकॉल झाले. भारतात तेव्हा २००७ च्या ८,५३२ सिटी बोलावल्या. पुढे २०११ मध्ये ७२,११५ आणि २०१२ मध्ये ४२,६७२ सिटी त्याच कामासाठी. आफ्रिकेतल्या एका आगीनंतर पहिल्या खेपेला आठ हजार, आणि पुढच्या दोन वर्षांत त्याच भागासाठी मिळून लाखाच्या वर गाड्या, ही चढण लक्षात ठेवण्यासारखी आहे. फास्टॅग यायच्या आधी पावसाळ्यात टोलनाक्यावर काच खाली करून हात बाहेर काढणाऱ्या प्रत्येकाच्या मांडीवर आणि दारावर पाणी पडायचेच. आपल्या रस्त्यावर हा दोष लवकर कळायला हवा होता.

तिसऱ्या पिढीत, २००८ अखेर ते २००९ मध्ये बनलेल्या ५७,८५३ सिटींसाठी फेब्रुवारी २०११ मध्ये रिकॉल निघाले. इंजिनाच्या झडपांच्या यंत्रणेतली एक स्प्रिंग वाकण्या-तुटण्याची शक्यता होती. चौथ्या पिढीत पहिल्यांदा डिझेल सिटी आली आणि डिसेंबर २०१५ मध्ये इंधन परत टाकीकडे नेणाऱ्या नळीसाठी सिटी आणि मोबिलिओ मिळून ९०,२१० डिझेल गाड्या बोलावल्या गेल्या; त्यांत ६४,४२८ सिटी होत्या. ही नळी निसटली की डिझेल सांडते आणि इंजिन बंद पडते. सीव्हीटी गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरसाठीही २०१४ मध्ये बनलेल्या काही हजार गाड्या बोलावल्या होत्या. ही तिन्ही कामे सरळ होती. भाग बदलला, सॉफ्टवेअर नवे घातले, विषय संपला. यांवर जास्त शाई खर्च करण्याचे कारण नाही.

फ्युएल पंपाचे तसे नाही. तो दोष हट्टी निघाला.

डेन्सो या जपानी कंपनीने बनवलेल्या पंपात प्लास्टिकची एक चक्री असते. ती फिरली की इंधन टाकीतून इंजिनाकडे ढकलले जाते. या चक्रीचे प्लास्टिक पुरेसे घट्ट दाबून बनवलेले नव्हते. पेट्रोलमध्ये बुडून ते इंधन शोषून घेई, फुगे, वाकडे होई आणि बाजूच्या भिंतीला घासून अडके. पंप अडकला की इंजिनाला इंधन नाही. टोयोटाने जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत याची सुरुवात केली, मागोमाग इतर कंपन्या आल्या. डिसेंबर २०२३ मध्ये होंडाने जगभरातल्या ४५ लाख गाड्या याच कारणासाठी बोलावल्या, आणि भारतातले २०२४ चे रिकॉल त्याच ओळीतले.

यात एक गोष्ट बारकाईने पाहावी. २०२० च्या रिकॉलमध्ये २०१८ साली बनलेल्या गाड्या होत्या. २०२१ च्या रिकॉलमध्ये २०१९-२० च्या. २०२४ मध्ये यादी मागे सरकली आणि २०१७ च्या उत्तरार्धापासून २०१८ च्या मध्यापर्यंतच्या गाड्या आल्या. म्हणजे २०२० मध्ये ज्याला ‘तुमची गाडी यादीत नाही’ असे उत्तर मिळाले, त्याची गाडी चार वर्षांनी यादीत आली. शिवाय २०२४ च्या आकड्यात २,२०४ गाड्या अशा होत्या की ज्यांचा मूळ पंप ठीक होता, पण मधल्या काळात सुटा भाग म्हणून बसवलेला नवा पंप त्याच सदोष मालातला निघाला. रिकॉलची यादी एकदा पाहून मिटवून ठेवायची नसते, याला याहून चांगला पुरावा नाही.

चालती गाडी बंद पडणे हा प्रकार शहरात मनस्तापाचा आणि घाटात जिवावरचा. इंजिन थांबले की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांपुरती उरते, मग पाय रोवून ब्रेक दाबावा लागतो. स्टिअरिंगही जड होऊ शकते. खंडाळ्याच्या चढणीला मागे भरलेला ट्रेलर असताना हे घडले तर काय, याची कल्पना द्रुतगती मार्गावर गाडी चालवलेल्या कुणालाही करता येईल. बऱ्याच वेळा आधी खुणा मिळतात: गाडी चालू व्हायला वेळ घेणे, वेग वाढवताना अडखळणे, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा. गॅरेजवाला बहुधा आधी प्लग बदलतो, मग फिल्टर साफ करतो, मग ‘पेट्रोलमध्ये कचरा’ असे निदान करतो. गाडी २०१७ ते २०२० मधली असेल तर पहिला संशय पंपावर घ्यावा.

आता ज्या दोषांसाठी कुणीही कधी कुणाला बोलावत नाही, त्यांच्याकडे. त्यांनी जीव जात नाही, पैसे जातात. एसीची कूलिंग कॉइल हे सिटीवाल्यांचे जुने दुखणे. ही कॉइल डॅशबोर्डच्या पोटात बसते. धूळ आणि ओल साचून तिला बारीक छिद्रे पडली की गॅस निघून जातो आणि मे महिन्यात एसी गरम वारा फेकू लागतो. नुसता गॅस भरून देणारे दुकान स्वस्त वाटते, पण गळती तशीच राहिली की तो गॅस पुन्हा उडतो; आणि कॉइल बदलायची तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तो पुन्हा जसाच्या तसा बसला आणि नंतर कुरकुरला नाही, तर ते मेकॅनिकचे कौशल्य. त्याखालोखाल पुढच्या सस्पेन्शनची खडखड: लिंक रॉड, बुश, माउंटिंग. आणि गतिरोधकाला पोट घासणे. सिटी मुळात खाली बसलेली गाडी. चार माणसे आणि डिकीत सामान घेऊन गेलात तर ग्रामपंचायतीने आपल्या मनाने घातलेल्या गतिरोधकावर ती घासणारच. याला दोष म्हणायचे की आपल्या गतिरोधकांचे पाप, हे ज्याने त्याने ठरवावे.

दुसऱ्या पिढीतल्या आय-डीएसआय इंजिनाची एक गंमत जुन्या गॅरेजवाल्यांना ठाऊक आहे. चार सिलिंडरांना आठ स्पार्क प्लग. पुढचे चार सहज हाती येतात, मागच्या चारांसाठी बरीच खटपट करावी लागते. मग चार बदलून आठांचे बिल लावणारे निघतात, आणि गाडी अडखळते म्हणून मालक पुन्हा त्याच दारात येतो. यात गाडीचा दोष नाही, पण मालकाच्या तक्रारवहीत तो गाडीच्या खात्यावर पडतो. असे अनेक तथाकथित ‘कॉमन प्रॉब्लेम’ वेळच्या वेळी न बदललेल्या तेलातून आणि अर्धवट सर्व्हिसिंगमधून आलेले असतात. सीव्हीटीची घरघर ऐकून गिअरबॉक्स गेला म्हणणाऱ्याने आधी त्यातले तेल कधी बदलले ते सांगावे.

तारे मोजणाऱ्या चाचण्यांचेही इथे नाव घ्यावे लागते, कारण खरेदी करणारा हल्ली पहिला प्रश्न तोच विचारतो. ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये चौथ्या पिढीच्या सिटीला मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी चार तारे दिले. चांगला निकाल आहे. पण चाचणी नव्या कोऱ्या गाडीची होते. दहा पावसाळे खाल्लेला इन्फ्लेटर किंवा इंधन पिऊन फुगलेली चक्री धडक-चाचणीतल्या भिंतीवर आदळून दिसत नाही.

या सगळ्यात सरकार कुठे होते? बरीच वर्षे कुठेच नव्हते. जुलै २०१२ मध्ये सियाम या वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वतःहून एक संहिता केली आणि रिकॉलची यादी ठेवायला सुरुवात केली. त्याआधीचे तिथे शोधू नये. सिटीची वर सांगितलेली बहुतेक रिकॉल ऐच्छिक होती. खरे सांगायचे तर अमेरिकेतल्या दट्ट्यामुळे जगभर जी पावले उचलावी लागली, त्यांचा लाभ आपल्याला मिळाला. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आले आणि एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. आता ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत घ्यायला लावू शकते आणि दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड करू शकते. वर्षाला दहा हजारांवर विकल्या जाणाऱ्या कारसाठी तक्रारींची ही संख्या १,२५० आहे. आपल्या देशात वाहनाबद्दल सरकारी पोर्टलवर तक्रार लिहिणारे किती, हे पाहता हा उंबरठा फार उंच आहे.

त्याहून मोठी खोट वयाच्या अटीत आहे. हे नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांनाच लागू होतात. ओक्लाहोमातली अ‍ॅकॉर्ड अपघाताच्या वेळी आठ वर्षांची होती. सारावाकमधली सिटी अकरा वर्षांची. ज्या दोषाने जगात सर्वाधिक गाड्या परत आल्या, तो दोष गाडी म्हातारी झाल्यावरच पिकतो, आणि आपला कायदा नेमका त्याच्या उंबरठ्यावर थांबतो. अमेरिकेत फुकट दुरुस्तीची मुदत २०१५ मध्ये दहावरून पंधरा वर्षे केली गेली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये ताकाताचे रिकॉल सक्तीचे केले, तीस लाखांहून जास्त गाड्यांचा पाठपुरावा केला, आणि सर्वांत धोकादायक इन्फ्लेटरच्या गाड्यांची नोंदणी तिथल्या राज्यांनी रोखली. जर्मनीत वाहन खाते स्वतःच्या नोंदीतून आजच्या मालकाचा पत्ता काढून देते, आणि गंभीर रिकॉलकडे दुर्लक्ष करणाऱ्याची गाडी रस्त्यावरून उतरवू शकते.

ग्राहक म्हणून न्यायालयात जाण्याची वाट आहे, पण लांबची. मारुतीविरुद्धच्या एका प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष भाग बदलून देण्यापुरतीच कंपनीची जबाबदारी मानली, पूर्ण गाडी नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये ह्युंदाई क्रेटाच्या न उघडलेल्या एअरबॅगच्या प्रकरणात मात्र तेच न्यायालय ग्राहकाच्या बाजूने ठाम उभे राहिले; धडकेचा वेग आणि बल यांची गणिते ग्राहकाने मांडावीत अशी अपेक्षा धरता येत नाही, असे त्याने बजावले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या दोषाबद्दलची जबाबदारी वेगळ्या प्रकरणात आली आहे. हे सगळे दोष उघड झाल्यानंतरचे, अपघातानंतरचे. आधीची कडी तशीच सुटी राहते.

ती कडी म्हणजे पत्ता. कंपनी रिकॉलचे पत्र किंवा फोन स्वतःच्या नोंदीतल्या मालकाला करते. हा बहुधा पहिला खरेदीदार असतो, नाहीतर अधिकृत सर्व्हिस सेंटरला शेवटचा येऊन गेलेला. वॉरंटी संपली की बहुतेक जण घराजवळच्या गॅरेजला जातात, कारण तिथे निम्म्यात काम होते आणि मेकॅनिक ओळखीचा असतो. गाडी विकली की आरटीओत नाव बदलते, कंपनीच्या दप्तरात बदलत नाही. दिल्लीतल्या जुन्या गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे तिथल्या गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत विकल्या गेल्या, महाराष्ट्रातही आल्या. अशा सिटीच्या इन्फ्लेटरबद्दलचे पत्र दिल्लीत द्वारकेच्या एखाद्या सोसायटीत पडून राहणार, आणि गाडी परभणीत फिरणार. कंपनीने पत्र पाठवले, हे खरेच असते. गाडी आली नाही, हेही खरेच असते.

यावर उपाय अवघड नाही. नोंदणीच्या सरकारी ‘वाहन’ प्रणालीत आजच्या मालकाचे नाव, पत्ता आणि मोबाइल आहे. कंपन्यांकडे सदोष गाड्यांचे चासी नंबर आहेत. हे दोन्ही जोडले तर मालकी बदलताना, एनओसी देताना आणि पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग करताना ‘रिकॉल बाकी’ असा शेरा दिसू शकतो. थकीत चलन असेल तर गाडीचे हस्तांतर अडते. फुटू शकणारा इन्फ्लेटर असेल तर अडत नाही. माझ्या मते सात वर्षांची अट काढणे आणि ही जोडणी करणे, या दोनच सुधारणांनी आजच्या नियमावलीत जीव येईल. बाकीच्या कलमांवर वाद घालायला नंतर वेळ आहे.

तोवर जुनी सिटी घेणाऱ्याने काय करावे? गाडी म्हणून सिटी आजही चांगली खरेदी आहे, असे मी बेलाशक म्हणेन. २०१४ नंतरची पेट्रोल सिटी पंपाचे काम झाल्याची नोंद असेल तर डोळे मिटून घ्यायला हरकत नाही. २०१३ अखेर ते २०१५ च्या मध्यापर्यंतची डिझेल असेल तर नळी बदलल्याचे विचारावे. २००७ ते २०१३ मधली असेल तर दोन्ही इन्फ्लेटर बदलल्याचा पुरावा मिळेपर्यंत व्यवहार करू नये, दलाल कितीही ‘एक नंबर गाडी’ म्हणो. गाडी कधी जोरात ठोकलेली असेल आणि एअरबॅग नंतर बसवलेली असेल, तर ती कुठून आणली हे विचारावे. जुन्या बाजारातून काढलेली एअरबॅग मिळते, पण तिच्या डबीत काय आहे ते वरून कुणालाच सांगता येत नाही.

आणि गाडी आधीच दारात उभी असेल तर आरसी काढा. त्यावरचा सतरा अक्षर-अंकांचा चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावरच्या रिकॉलच्या रकान्यात घाला, किंवा कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून सांगा. तुम्ही कितवे मालक आहात, याने काही फरक पडत नाही. वर्षातून एकदा हे पुन्हा करा, कारण याद्या मागे-पुढे सरकतात. २००७ ते २०१३ च्या गाडीत इन्फ्लेटरचे काम बाकी निघाले, तर ती फक्त सर्व्हिस सेंटरपर्यंतच चालवा. त्या कामाचे पैसे लागत नाहीत.